झुकलेल्या माना

वाशीम, रिसोड वा कारंजा येथील एखाद्या अभ्यासिकेत डोकावून पाहावे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले मोबाइलवर व्याख्याने ऐकत तासन्‌तास मान खाली घालून बसलेली असतात आणि मधूनच मानेचा मागचा भाग चोळतात. विशीत मानदुखी हे आता नवल राहिलेले नाही.

माणसाचे डोके सुमारे ५ किलोचे. मान सरळ असता तो भार जाणवतही नाही. मान ६० अंशांनी झुकली की मणक्यांवरील ताण २७ किलोपर्यंत जातो, असा हिशेब न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मांडला. ते प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, गणित आहे. पण दुखणे गणिती नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढावी; पाच अंक मोजून सोडावी. असे दहा वेळा. मग ब्रह्ममुद्रा : मान सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली न्यावी, गरगर फिरवू नये. शेवटी खांद्यांची पाती मागे जुळवावीत. हाताला मुंग्या येत असतील वा जोर कमी वाटत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी शीर्षासनाचे धाडस नको.

तथापि सहा तासांच्या वाकण्यावर पाच मिनिटांचा उतारा पुरणार नाही. वाशीम ज्या अमरावती विभागात मोडतो, तेथेच वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे रोप लावले. १९३६ मध्ये त्याच्या खेळाडूंनी बर्लिनला कबड्डी दाखविली. त्या भूमीतील तरुणाला मान वळवायला शिकवावे लागते, हे आपल्या ओस मैदानांचे अपयश आहे. शाखेत ‘दक्ष’ म्हणताच मान आपोआप सरळ होते. पण शाखेचे निरोपही आता मोबाइलवर येतात, आणि ते वाचताना आपण ज्येष्ठही वाकलेलेच असतो. रथसप्तमीला सूर्यनमस्कारांची छायाचित्रे पाठविणारे किती जण दुसऱ्या दिवशी मैदानावर येतात?

कार्यकर्ते चालवितात त्या अभ्यासिकांपासून प्रारंभ व्हावा. चार जाड पुस्तकांवर मोबाइल उभा केला की तो नजरेच्या पातळीला येतो. दर अर्ध्या तासाने घंटा व्हावी, सर्वांनी दोन मिनिटे उभे राहावे. आणि सायंकाळी तासभर अभ्यासिकेला कुलूप लावून मुलांना मैदानावर न्यावे. अभ्यास बुडतो म्हणून पालक कुरकुर करतील. त्यांनाही सोबत बोलवावे.