आंस

बैलगाडीला मराठीत जितके शब्द आहेत तितके मोटारीला नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. नुसते चाक घ्या. तुंबा, आरे, पाटे, वरची लोखंडी धाव, तुंब्यातून जाणारा आंस, चाक निसटू नये म्हणून आंसाच्या टोकाला ठोकलेली कुणी आणि सारे सुरळीत फिरावे म्हणून वंगण. मोटारीला मात्र आम्ही एकच शब्द दिला, ‘पार्ट’. आणि तो ‘गेला’ की विषय संपला.

पण बैलगाडीचा आंस स्वतः फिरत नाही. तो स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. मोटारीत नेमके उलटे आहे. तिथे आंस फिरतो आणि चाकाला फिरवतो. शिवाय रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला चाक वरखाली होते, तेव्हा त्याच्यासोबत वाकावेही लागते. फिरायचे आणि फिरता फिरता वाकायचे, ही कसरत ज्या सांध्यावर चालते त्याची हकीकत मला गेल्या उन्हाळ्यात पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या मागच्या एका गॅरेजात, हातात बॅटरी धरून उभे राहिल्यामुळे कळली. बॅटरी धरायला सांगणारा माझा भाचा. “मामा, जरा इकडे उजेड दाखवा,” एवढेच काम. पण त्यासाठी तीन रविवार गेले.

गाडी माझ्या मेव्हण्यांची. स्टँडर्ड हेरल्ड. ही मोटार इंग्लंडात १९५९ साली निघाली आणि १९६१ पासून मद्रासला बनू लागली. तिचा तोंडवळा मिकेलोत्ती या इटालियन कारागिराने रेखलेला. हिचा सांगाडा वेगळा आणि वरचे अंग बोल्टांनी बसवलेले, म्हणून छप्पर काढून टाकणे सोपे. मेव्हण्यांनी १९८६ साली जुनीच गाडी घेतली, छप्पर काढले, दोन कार्ब्युरेटर चढवले आणि स्वतःपुरती स्पोर्ट्स कार करून घेतली. यात अगदीच वेडेपणा होता असे नाही. ट्रायम्फ कंपनीने याच सांगाड्याची लांबी कमी करून १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली होती. मेव्हणे गेले, गाडी राहिली.

या गाडीची खोड मागच्या चाकांत आहे. मूळ रचनेत दर बाजूच्या आंसाला एकच सांधा, तोही आतल्या बाजूला. त्यामुळे चाक वरखाली होताना सरळ न राहता कलते. वळणावर वेग जास्त झाला आणि घाबरून चालवणाऱ्याने पाय उचलला, की गाडीचा मागचा भाग वर उठतो, बाहेरचे चाक पोटाखाली मुडपते आणि शेपूट फिरते. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीच्या अशाच मागच्या चाकांवर राल्फ नेडरने १९६५ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण लिहिले. मद्रासच्या कारखान्यानेही १९७२ च्या ‘गॅझेल’मध्ये ती रचना सोडून मागे सरळ अखंड आंस घातला. ट्रायम्फने १९६८ साली आपल्या जी. टी. सिक्सला दुसरा उपाय केला: चाकाला खालून आधाराचा दांडा दिला आणि आंसाच्या मध्ये जाड रबरी कडे बसवले. भाच्याने काही वर्षांपूर्वी हीच सामग्री इंग्लंडातून जुनी मागवून हेरल्डला जोडली होती. रबराला आता चिरा पडल्या होत्या. ती कडी काढून त्यांच्या जागी सी. व्ही. सांध्यांचे नवे शाफ्ट घालायचे, असा बेत.

ताईला तो मान्य नव्हता. ती म्हणाली, “छप्पर त्यांनी काढलं, ते ठीक. पण इंजिन उघडलंस, मागचं सगळं बदललंस. आता आंसही नवा. मग त्यांचं काय राहिलं रे यात?”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी मराठीचा मास्तर, बाजू कोणाची घेणार? आमच्या धंद्यात पाठ बदलणे हे पाप. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती लोकांनी मध्येच घुसडलेले काढण्यासाठी, आपले घालण्यासाठी नव्हे. जुनी वस्तू जुन्यासारखीच ठेवावी, या मताचा मी आहे. पण पोथी चुकली तर अर्थ बिघडतो. आंस चुकला तर कसाऱ्याच्या घाटात सहा वर्षांची पोर बाहेर फेकली जाते. आणि ती पोर, म्हणजे ताईची नात, बापाशेजारी बसायला रोज हट्ट धरते. शिवाय हे दुरुस्तीचे काम कारखान्यानेच पुढच्या आवृत्तीत केले होते. ग्रंथकर्त्यानेच पाठ सुधारला असेल तर संपादकाने कशाला अडून बसावे? मी भाच्याच्या बाजूने मत दिले. ताई आठ दिवस माझ्याशी मोजकेच बोलली.

आता त्या सांध्याविषयी. जुना सांधा म्हणजे गॅरेजातला ‘क्रॉस’. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने ज्याचा अभ्यास केला तोच. त्याच्यात एक खोट आहे. तो वाकला की एका टोकाने सारखी गती दिली तरी दुसरे टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. तीस अंश वाकवला, तर शंभराच्या गतीचे कधी सत्त्याऐंशी होतात तर कधी एकशे पंधरा. वाकणे थोडे असेल तोवर हे खपते. पण पुढच्या चाकांना ताकद द्यायची, आणि तीच चाके वळवायचीही, म्हटले की खपत नाही. अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पाने १९२० च्या दशकात यावर तोड काढली: वाटीत सहा पोलादी गोळ्या, आणि त्यांना धरणारा पिंजरा असा की दोन शाफ्टांमधल्या कोनाला तो नेहमी बरोबर मधोमध दुभागतो. मग वाकले काय आणि सरळ राहिले काय, गती दोन्हीकडे सारखी. युद्धातल्या कित्येक विलिज जीपांच्या पुढच्या आंसांत हा सांधा होता. १९५९ च्या मिनीत तो आला. आणि आपल्याकडे घरोघर पोचला तो १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या मारुती ८०० मुळे. वळताना पुढून कट्कट् आवाज येतो म्हणून ज्यांनी कधी खर्च केला असेल, त्यांची या गोळ्यांशी ओळख आहेच.

काम मात्र पुस्तकासारखे सरळ नसते. जुना शाफ्ट आणि चाकाचा हब एकमेकांना असे धरून बसले होते की शेवटी प्रेसवर न्यावे लागले. मिस्त्री सत्तरीचे, बोलणे कमी. त्यांचा एकच आग्रह: “आधी माप.” चाक वरखाली होताना शाफ्टची लांबी किंचित कमीजास्त व्हावी लागते, त्यासाठी आतला सांधा सरकता असतो. पण तो सरकून वाटीच्या तळाला ठेकला, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पिंजरा फुटायचा किंवा डिफरन्शियलचे बेअरिंग जायचे. मिस्त्रींनी ताईच्या घरून कणकेचा गोळा मागवला. तो वाटीच्या तळाशी दाबला, कमान सोडवून ठेवली आणि जॅकने चाक अगदी खालपासून अगदी वरपर्यंत नेले. मग खोलून पाहिले, तर कणकेत सहा मिलिमीटर जाडी उरली होती. “पुरे,” ते म्हणाले. दुसरी बाजू मोजली, तिथे चारच. तिकडे हबमागची चकती बदलून पुन्हा कणीक. हा सगळा दुसरा रविवार.

बाकीचे भराभर झाले. सांध्यात काळे मॉलिब्डेनमचे ग्रीस, रबरी बुटाच्या पट्ट्या घट्ट, शाफ्ट एका टोकाला लटकू न देणे (त्याने सांधा दुखावतो), बोल्ट टॉर्क पान्याने ठरल्या जोराने, आणि हबचा मोठा नट शेवटी, चाक जमिनीवर टेकवून. भाचा अधूनमधून मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि पेठ रोडचे आर. टी. ओ. कार्यालय यांचे नाव काढी. बदलाची नोंद करावी लागेल म्हणून. ती करण्याचे त्याने कबूल केले, निदान माझ्यासमोर.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी गाडी आडगाव नाक्यापर्यंत जाऊन आली. वळणावर मागचे चाक उभेच राहते, असे भाचा म्हणाला. मला एवढेच कळले की खडखड नव्हती. जुने शाफ्ट ताईने घरी मागवले, रॉकेल लावून पुसले आणि माळ्यावर ठेवले. नात मात्र त्यानंतर बापाशेजारी बसून त्र्यंबकेश्वरला जाऊन आली. ताई अजून त्या गाडीत बसलेली नाही. पाचशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत. मिस्त्रींनी येत्या रविवारी बोलावले आहे, आणि बॅटरी मीच धरायची आहे.