कमाई तिची, नाव कुणाचे?



नटी म्हटले की आपल्या समाजात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तिचे रूप, दुसरे तिच्या भानगडी. पडद्यावर बाई कशी दाखवतात यावर आपल्या शिबिरांतून पुष्कळ चर्चा झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. पण पडद्यावरची ती बाई उभी करणारी बाई कष्टकरी असते. तिलाही मजुरी असते, मालक असतो, घर असते आणि पुढे म्हातारपण असते. या अंकात मला तिच्या या बाजूविषयी लिहायचे आहे. त्यासाठी मी शांता हुबळीकर यांचे आयुष्य समोर ठेवते आहे.

शांताबाईंचा जन्म 1914 सालचा, हुबळीजवळचा. मूळ नाव राजम्मा, मातृभाषा कानडी. पुढे गावावरूनच त्या हुबळीकर झाल्या. गाणे शिकलेली ही मुलगी नाटकातून सिनेमात आली आणि मराठी बोलपटाची नायिका झाली. परक्या भाषेत नुसते बोलायचे नव्हते, गायचेही होते. 1939 साली ‘प्रभात’चा ‘माणूस’ आला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यात शाहू मोडक पोलीस शिपाई गणपत आणि शांताबाई वेश्या मैना. याच कथेवर हिंदीत ‘आदमी’ निघाला, त्यातही त्याच होत्या. 1942 साली त्यांनी ‘जीवन नाटक’ या कानडी बोलपटात काम केले. म्हणजे तीन भाषांत या बाईने आपली कला विकून पोट भरले.

‘माणूस’मधले ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे अनेकींनी ऐकलेले असेल. मैनेपुढे वेगवेगळ्या प्रांतांतली गिऱ्हाइके बसलेली असतात आणि ती मराठीबरोबर इतर भाषांतही गाते. लोकांना त्याची मोठी गंमत वाटते. मला त्यात बाईच्या कामाचे एक वास्तव दिसते. ज्याच्या हाती पैसा, त्याची भाषा बाईने शिकायची. तिची भाषा मात्र कुणी विचारत नाही. सिनेमातल्या मैनेला प्रतिष्ठित घराचा उंबरा ओलांडता येत नाही आणि शेवटी ती तुरुंगात जाते. प्रेक्षक तिच्यासाठी रडले. बाहेर नटीकडे बघायची नजर मात्र तीच राहिली.

शांताबाईंनी 1990 साली आत्मचरित्र लिहिले. नाव त्याच गाण्याचे, ‘कशाला उद्याची बात’. 1992 साली त्या वारल्या. आयुष्याच्या उतारावर त्यांना वृद्धाश्रमात राहावे लागले. घरात कोण चुकले, कोण बरोबर होते, याचा निवाडा करायला आपण बसलेलो नाही. प्रश्न वेगळा आहे. जिच्या आवाजावर चित्रपटगृहे भरली, तिच्या म्हातारपणाची तरतूद ना धंद्याने केली, ना समाजाने.

हीच हकिगत मी राजूरच्या आमच्या महिला मंडळात सांगितली. राजूर म्हणजे कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्यांचे गाव. इथल्या वस्तीत मराठी, तेलुगू, हिंदी, कोलामी सगळे कानावर पडते. बैठकीला येणाऱ्या कितीतरी जणी घरात एक, बाजारात दुसरी आणि मुकादमाशी तिसरी भाषा बोलतात. तरी नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘अशिक्षित’ एवढाच शब्द पडतो. गोष्ट संपल्यावर भट्टीवर काम केलेल्या एका मावशीने विचारले, “ताई, येवढं कमावलं तिनं, मंग ते गेलं कुठी? कोनाच्या नावावर व्हतं?”

सिनेमावर लिहिणाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता. मावशीला तो सुचला, कारण तिच्याही मजुरीचा हिशेब असाच हरवलेला आहे. जोडीने भट्टीवर काम केले, पैसे नवऱ्याच्या हाती. घर बांधले, उतारा सासऱ्याच्या नावे. शेत गेले, त्याबदल्यातली नोकरी मुलाला.

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ ज्यांनी वाचले असेल त्यांना हे नवे नाही. कोवळ्या वयात घर चालवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ही नटी. घर तिच्या कमाईवर चालले, पण त्या घरात तिचा शब्द चालला नाही. त्यावरून 1977 साली ‘भूमिका’ निघाला आणि खूप गाजला. बाईचे दुःख गाजते, तिचा हिशेब गाजत नाही.

आता केरळकडे पाहा. 2017 साली एका नटीचे अपहरण करून तिच्यावर लैंगिक हल्ला झाला. त्याच वर्षी तिथल्या सिनेमातल्या बाया एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना उभारली. त्यांच्या मागणीवरून सरकारने न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. समितीने 2019 साली अहवाल दिला, तो काही भाग वगळून लोकांसमोर यायला 2024 उजाडले. त्यात लैंगिक छळ आहे, तसेच लेखी करार नसणे, कामाच्या जागी संडास नसणे, कपडे बदलायला आडोसा नसणे हेही आहे. चुनाभट्टीवरच्या बाईला यातले काय अनोळखी आहे? पडद्यावरच्या आणि भट्टीवरच्या बाईत अंतर पुष्कळ आहे, पण तक्रारींची यादी एकच आहे. केरळच्या बायांनी ती एकत्र बसून लिहिली, म्हणून सरकारला ती वाचावी लागली.

म्हणून मंडळांना माझी विनंती आहे, येत्या तीन महिन्यांत प्रत्येक सभासद बाईचा हिशेब मांडा. ती कोणकोणती कामे करते, किती भाषा बोलते, मजुरी कुणाच्या हातात पडते, खाते कुणाचे, घराच्या उताऱ्यावर कुणाचे नाव, हे लिहून काढा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवराबायको दोघांची नावे लावता येतात, तो अर्ज सगळ्या मिळून द्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात 1994 सालीच आला, पुढे 2005 साली हिंदू वारसा कायद्याने तो देशभर दिला. भावाच्या प्रेमापोटी हक्कसोड लिहून देण्याआधी मंडळात बोला. मुले सांभाळत नसतील तर 2007 च्या कायद्याप्रमाणे म्हाताऱ्या आईवडिलांना निर्वाह खर्च मागता येतो. त्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा असतो, वकील लागत नाही.

उद्याची बात कशाला, असे गाण्यात म्हणणे सोपे असते. पण जिच्या हाती आजची मजुरी नाही, तिच्या वाट्याला उद्या काय येते ते आपण रोज पाहतो. तेव्हा उद्याची बात आपण करायचीच, आणि ती आजच, कागदावर, बाईच्या स्वतःच्या नावाने.