नेम धरायचा, पण कुठे?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने नेमबाजीत दोन कांस्यपदकं घेतली आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये आणखी एक. टीव्हीवर ते बघणाऱ्या मुलामुलींनी घरोघरी हट्ट धरला. आमच्या महिला मंडळातल्या आया तेव्हापासून मला विचारतात, "ताई, एअर रायफल कुठली घ्यावी हो?" माझ्या मते प्रश्न उलटा आहे. आधी जागा शोधायची, बंदुकीचं नंतर बघता येतं.

मैत्रिणींनो, घोळ होतो तो कायद्याच्या अर्धवट माहितीमुळे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला किंवा पिस्तुलाला परवाना लागत नाही. त्यापुढची हवा-बंदूक आणि काडतुसाची कोणतीही बंदूक म्हटली की शस्त्र कायदा १९५९ आणि परवाना आलाच. एकवीस वर्षांखालच्यांना तो परवाना मिळत नाही. लहान वयाच्या नेमबाजांना प्रशिक्षणापुरती सवलत आहे, पण तीही ठरलेल्या अटींवर.

दुकानदार सांगतो, "लायसन्स लागत नाही," आणि आपण ऐकतो, "कुठेही चालवा." मग गच्चीवर पुठ्ठ्याचा खोका, नाहीतर गावी गेल्यावर आंब्याच्या झाडाला टांगलेला डबा. छर्रा इवलासा दिसतो, पण डोळा कायमचा घालवायला तो पुरेसा आहे. कडक पत्र्यावर किंवा दगडावर आपटून तो उलटाही येतो. शेजारणीला इजा होण्याची वाट पाहायला नको, निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हाच भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. पोपट-साळुंकीवर नेम धरला तर वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, आणि "मूल आहे हो, चुकलं" म्हणून ते भागत नाही.

मग जायचं कुठे? मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत कॉलेजात एनसीसीमधून या खेळात आली आणि वरळीलाच घडली. पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. पनवेलला सुमा शिरूरचा लक्ष्य क्लब आहे. कोल्हापूर तर तालमींचं गाव, पण तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत तिथल्याच. तेजस्विनी २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राहीने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं. या नावांच्या पलीकडे मात्र तालुक्याच्या गावी शोधायला लागलं की हात रिकामे राहतात. स्वप्नीललाही नाशिक आणि पुणे गाठावं लागलंच. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं, त्याच्या वडिलांनी घरीच रेंज बांधून दिली होती. ते सगळ्यांना कसं जमणार?

जवळपास एखादा क्लब सापडलाच तर तो राज्य संघटनेशी आणि तिच्यामार्फत नॅशनल रायफल असोसिएशनशी जोडलेला आहे का, हे पहिलं विचारावं. ही राष्ट्रीय संघटना १९५१ ची. पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. जोडणी नसेल तर मुलीची वर्षभराची मेहनत कुठे मोजलीच जायची नाही.

फी भरण्याआधी एक संध्याकाळ तिथे नुसतं बसून बघा. "लोड, स्टार्ट, स्टॉप" एकच माणूस सांगतो का? "स्टॉप" म्हटल्यावर सगळे खरंच थांबतात का? टार्गेट बदलायला कुणी पुढे गेलं तर मागच्या प्रत्येकाची बंदूक रिकामी, खाली ठेवलेली आणि नळीत सेफ्टी फ्लॅग घातलेला असायला हवा. छर्रे अडवणारी मागची व्यवस्था भक्कम आहे का, गोळीच्या वाटेत उघडणारं एखादं दार आहे का, बंदुका कुलपात जातात का, हेही बघा. मुली किती आहेत, बायकांचं स्वच्छतागृह आहे का आणि शेवटची एसटी किती वाजता, हे विचारायला लाजू नका. मुली खेळ सोडतात ते बऱ्याचदा याच कारणांनी, नेम चुकतो म्हणून नाही.

आणि एक गोष्ट, जी तिथे बहुधा कुणी सांगणार नाही. हे छर्रे सहसा शिशाचे असतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. म्हणून रेंजमध्ये डबा उघडायचा नाही, बाहेर आल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मगच खायचं. कोरड्या झाडूने रेंज झाडताना दिसली तर सरळ बोला. हवा खेळती नसेल तर दुसरी जागा बघा. सरावाचे कपडे धाकट्याच्या दुपट्यांबरोबर भिजवू नका.

खर्चाचं म्हणाल तर स्पर्धेची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते. सुरुवातीला क्लबच्याच रायफलवर शिकू द्यावं. साडेपाच किलोपर्यंतचं ते वजन पोरीला तासभर पेलवतंय का, तेही त्यात कळतं.

मला राहून राहून वाटतं, दहा मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही. एक लांबट बंद हॉल, छर्रे अडवणारी भक्कम व्यवस्था, चांगला उजेड आणि शिकलेला कोच एवढं पुरतं. ५० मीटरची गोष्ट वेगळी, त्याला मोठी जागा हवीच. पण दहा मीटरची रेंज एखाद्या मोठ्या शाळेत किंवा तालुका क्रीडासंकुलात का होऊ नये? आमच्या मंडळाने गावातल्या एका सार्वजनिक हॉलसाठी रीतसर अर्ज दिला. लग्नसराई सोडली तर तो हॉल रिकामाच असतो. "बंदुका म्हणजे भानगड," असं उत्तर तोंडी मिळालं. आम्ही ते लेखी मागितलं आहे.