रिपोर्ट गाठीचा, प्रश्न घराण्याचा

आपल्याकडच्या घरांतून दवाखान्याच्या ज्या फायली असतात, त्यांत अलीकडे एक नवा कागद दिसू लागला आहे. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान होते, गाठीचा तुकडा पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी 'केआरएएस', 'बीआरएएफ', 'एमएसआय' अशा अक्षरांनी भरलेला अहवाल मुलाच्या मोबाइलवर येऊन पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यात (नाव २०२४ साली बदलले, पण बोलण्यात अजून 'नगर'च येते) तो आधी ओळखीच्या औषध दुकानदाराला दाखवला जातो, मग फॅमिली डॉक्टरांना. विचारणाऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असतो : यात किती दिवस दिलेत?

दिवस त्यात लिहिलेले नसतात. मग काय लिहिलेले असते, आणि त्यासाठी सामान्य घराने खिशात हात घालावा की नाही, याचा विचार करायला हवा. मी डॉक्टर नव्हे. उमेदीची वर्षे बँकेत गेली, उरलेली कादंबऱ्या लिहिण्यात. पण ग्रामीण शाखेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला गावातले आजारपण फार लवकर कळते. पेरणीसाठी आलेले दागिने आणि दवाखान्यासाठी आलेले दागिने यांत फरक असतो. दवाखान्यासाठी येताना बाई मंगळसूत्राच्या वाट्याही घेऊन येते. म्हणून कोणतीही नवी तपासणी निघाली, की तिच्यामुळे पुढचा कोणता निर्णय बदलणार आहे, हे मी प्रथम पाहतो.

मार्कर म्हणजे खूण. आतड्याच्या कर्करोगातली सर्वांत परिचित खूण 'सीईए' ही रक्तातली. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ती १९६५ साली दाखवून दिली. निदानाला तिचा भरवसा नाही, धूम्रपान करणाऱ्यांतही ती वाढलेली दिसते. पण शस्त्रक्रियेनंतर आजार उलटतो आहे का, यावर नजर ठेवायला ती उपयोगी पडते, आणि स्वस्तही आहे. नव्या खुणा रक्तातल्या नव्हेत, गाठीच्या जनुकांतल्या आहेत. त्यांतल्या काही नुसते भाकीत करतात. 'बीआरएएफ'मधला एक विशिष्ट बदल असेल आणि आजार पसरलेला असेल, तर तो आडदांड निघण्याचा संभव जास्त. काही खुणा मात्र औषध निवडून देतात. आजार पसरलेल्या रुग्णांपैकी शंभरात चाळीसेकांच्या गाठीत 'केआरएएस' बदललेले असते, आणि अशांना सेटुक्सिमॅब हे महागडे इंजेक्शन लागू पडत नाही, हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झाले. इथे खूण पैसाही वाचवते आणि देहाचे हालही. पावसाचा अंदाज आणि माती परीक्षण, दोन्हींचे कागदच येतात. पण कोणते बियाणे घ्यायचे, हे दुसऱ्या कागदावर ठरते.

आता तिसरी खूण. माझ्या मते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तीच. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या हुडकून दुरुस्त करणारी एक यंत्रणा पेशीत असते. बँकेत दिवसअखेर मेळ घालणारा कारकून असे, तशीच. तो कारकूनच गैरहजर असेल तर चुका साठत जातात. आतड्याच्या शंभर कर्करोगांत सुमारे पंधरांत हा प्रकार आढळतो. गंमत अशी, की या गाठींत चुका इतक्या साठतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना त्या परक्या वाटू लागतात. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात सापडलेल्या अशा रुग्णाची प्रकृती शस्त्रक्रियेनंतर सहसा चांगली राहते, आणि एकट्या फ्लुरोयुरॅसिलच्या केमोचा त्याला फायदा होताना दिसत नाही. चार प्रथिनांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची ही तपासणी काही हजारांत होते. पन्नास-शंभर जनुकांचे 'पॅनेल' तिच्या कित्येक पट महाग. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाला जमिनीवर कर्ज काढून पॅनेल करायला सांगणे मला पटत नाही. ही छोटी तपासणी मात्र प्रत्येकाची व्हावी. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१७ सालीच आतड्याच्या प्रत्येक कर्करोगाची या दृष्टीने तपासणी करा, असे सांगितले आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजांत तिचा खर्च स्पष्ट शब्दांत धरलेला असावा, आणि आरोग्यमित्राने तो पहिल्याच दिवशी नातेवाइकांना सांगावा, एवढी मागणी काही अवाजवी नाही.

२०२२ च्या जूनमध्ये 'कर्करोगावर रामबाण औषध सापडले' अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रे भरून गेली होती, हे वाचकांना आठवत असेल. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात गुदाशयाच्या कर्करोगाच्या बारा रुग्णांना डोस्टार्लिमॅब दिले आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, शस्त्रक्रियेवाचून. बातमी खरी होती. परंतु ते बाराही रुग्ण 'कारकून गैरहजर' असलेले होते, आणि गुदाशयाच्या कर्करोगात असे शंभरात पाच ते दहाच असतात, हे मथळ्यात मावले नाही. शिवाय या जातीच्या औषधांचा खर्च लाखांत जातो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी एक वेगळी वाट दाखवली. डोक्या-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात केमोच्या जोडीला त्यांनी निव्होल्युमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दिले. वर्षअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सोळांवरून त्रेचाळीसवर गेले. आतड्याच्या कर्करोगाला हा हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही. पण किमतीचा प्रश्न आपल्याच माणसांनी हाती घेतल्याशिवाय सुटत नसतो, हे त्यातून दिसले.

एवढे सगळे सांगून झाल्यावर एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. रुग्णाचे पुढे काय होणार, हे अजूनही सर्वांत जास्त ठरते ते आजाराच्या टप्प्यावर. लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, आसपासच्या गाठींपर्यंत पोहोचली का, यावरून जी प्रतवारी केली, तिचा पाया अजून ढळलेला नाही. अमेरिकेच्या आकडेवारीत आजार जागच्या जागी असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरातले नव्वद जण हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडला तर पंधराच्या आसपास. आणि आपल्याकडे? कोणत्याही एस.टी. स्टँडच्या भिंतीवर 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन हमखास इलाज' वाचायला मिळते. शौचातून रक्त पडले की ते मूळव्याधीचेच, असे घर धरून चालते. साध्या बोटाने करायच्या तपासणीचीही लाज वाटते. त्यात सहा महिने, वर्ष निघून जाते.

हे बदलता येते याचा पुरावा आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हा तिचा टापू, म्हणजे आपल्या जामखेडच्या पलीकडचा मुलूख. रुग्ण आपणहून रुग्णालयात येत नाहीत हे ओळखून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे सांगत गेले, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. आतड्याचा कर्करोग त्या नोंदणीत फार थोडा आढळला, हे आपले सुदैव. पण मुंबईत टाटाला जे रुग्ण पोहोचतात, त्यांत पन्नाशीच्या आतले पुष्कळ असतात. युरोप-अमेरिकेतल्या साठी-सत्तरीच्या रुग्णांवरून बसवलेली गणिते त्यांना कितपत लागू पडतात, हे आपल्याच नोंदींवरून ठरायचे आहे. तेव्हा अहवालातली टक्केवारी वाचताना एवढे ध्यानात असावे, की शंभर कर्जदारांपैकी किती थकतील हे बँक सांगू शकते, समोरचा थकेल का हे नाही.

व्यवहारातली एक गोष्ट. काढलेला तुकडा वेळेवर आणि भरपूर फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही, तर पुढच्या तपासण्या फसतात. त्यापासून मेणाचा जो 'ब्लॉक' बनवतात, तो सातबाऱ्याइतका जपावा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना तो मागून घ्यावा, आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये.

आता मथळ्यातला दुसरा प्रश्न. १८९५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर गावी शिवणकाम करणारी एक बाई डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना म्हणाली, की आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची हकीकत १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला, आणि १९९३ साली या विकाराचे पहिले जनुक हाती लागले. 'लिंच सिंड्रोम' तो हाच. कारकून जन्मतःच अर्धा गैरहजर. आतड्याच्या शंभर कर्करोगांत असे तीनेक. प्रत्येक अपत्याकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. दोष असल्याचे कळले, तर पंचविशीच्या आसपास कोलोनोस्कोपी सुरू करून दर एक-दोन वर्षांनी ती करत राहायची. गाठ कर्करोगाची होण्यापूर्वीच काढता येते.

आणि इथेच आपले घोडे अडते. घरात लग्नाची मुलगी आहे, बोभाटा नको, असे म्हणून अहवाल कपाटात जातो. मुलाकडची मंडळी पत्रिका पाहतात, शेत पाहतात. घराण्यात आतड्याचा कर्करोग आहे का, असे विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही, पण कळले तर मोडेल ही धास्ती खरी आहे, आणि तिला हसण्यात अर्थ नाही. लपवल्याने दोष नाहीसा होत नाही, एवढेच म्हणता येईल. मुलांना निदान सांगितले तरी जाते. विसरली जाते ती सासरी गेलेली बहीण. श्रीगोंद्याला किंवा पाथर्डीला दिलेल्या त्या बहिणीच्या रक्तातही हाच दोष असण्याची शक्यता निम्मी असते. शिवाय गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका तिलाच. वंशावळीच्या कागदावर तिची मुले आपली मानली जात नाहीत, म्हणून भाऊ आजारी आहे एवढाच निरोप तिला जातो. भेटायला येताना ती डबा घेऊन येते, रडते आणि परत जाते. तपासणीचे तिला कोणी बोलत नाही.