किंग हेन्रीज् रोडवरील घर

परदेशातील ऐतिहासिक वास्तू शासनाने विकत घ्यावी काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा भावनेच्या भरात विचारला जातो आणि भावनेच्या भरातच निकालात निघतो. लंडनमधील १०, किंग हेन्रीज् रोड या घराचा विचार मात्र थोडा थांबून करण्याजोगा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने सुमारे ३१ लाख पौंड मोजून ते विकत घेतले. ही खरेदी योग्यच होती, असे आमचे मत आहे. परंतु खरेदीने काय मिळते आणि काय मिळत नाही, हेही पाहिले पाहिजे.

नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून शासनाने मिळवली आणि ती मुंबईत आणली. तलवार आणता येते, घर आणता येत नाही. ते परक्या मातीत आणि परक्या कायद्याच्या कक्षेतच राहते. खरेदीखताने मालकी मिळाली, तरी राहत्या घराचे संग्रहालय करण्यास तेथील स्थानिक संस्थेची परवानगी लागते. कॅम्डेन कौन्सिलने २०१८ साली ती नाकारली. निवासी जागा कमी होते, असे कारण दिले. शासनाने अपील केले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. त्या नकारात अवमान शोधण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. घरांची टंचाई असलेल्या शहराने सामान्य मालकाला लावलेला नियम परक्या सरकारलाही लावला, एवढेच. घटनाकारांच्या स्मारकाला कायद्याची वाट चालावी लागली, यात कमीपणा कसला?

खरा प्रश्न पुढचा आहे. या घराचे महत्त्व त्याच्या विटांत नाही. येथे राहिलेला विद्यार्थी भाडेकरू होता. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्याला लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर तो १९२० साली पुन्हा लंडनला गेला. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी त्याने मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरील त्याचा प्रबंध याच तपश्चर्येचे फळ.

म्हणजे हे घर मुळात पैशाअभावी तुटलेल्या आणि पुन्हा जोडलेल्या शिक्षणाचे स्मारक आहे. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शासन राजर्षी शाहू महाराजांच्या नावे शिष्यवृत्ती देते. तिचा हप्ता वेळेवर पोहोचावा, मुदतीअभावी कोणाचा प्रबंध अर्धा राहू नये, ही दक्षता त्या घराच्या देखभालीहून वेगळी मानता येणार नाही. आज लंडनला जाणारा वाचक तेथे पुतळा पाहील, छायाचित्रे पाहील आणि नमस्कार करून निघेल. त्या भिंतींच्या आड चार अभ्यासकांना बसून वाचता-लिहिता यावे, अशी सोय झाली तर मोजलेल्या पौंडांचे चीज होईल. वास्तूची किंमत एकदाच चुकती करता येते. वारशाची दरवर्षी करावी लागते, आणि तिची तरतूद अर्थसंकल्पात दिसली पाहिजे.