विश्लेषण : गोचीड चावते रानात, ताप चढतो घरी... मधल्या आठवड्याचे काय?

काजूचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच असतो, हे सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या माणसाला आता सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईहून तिलारी, आंबोली किंवा चोर्ला घाटात दोन दिवसांसाठी येणाऱ्याला मात्र ते अजून ठाऊक नसते. परतल्यावर तो ज्या डॉक्टरकडे जातो, त्यांनाही ते आठवेलच असे नाही. गोचीड कशी काढावी, याच्या चित्रफिती मोबाइलवर ढिगाने मिळतात. घोळ होतो तो गोचीड काढण्यात नव्हे, तर त्यानंतरच्या आठवड्यात.

कोणती गोचीड घातक?

'गोचिडीसारखा चिकटला' असे म्हणताना डोळ्यांसमोर येते ती गाई-म्हशीच्या कानाजवळ टम्म फुगलेली, करडी, पूर्ण वाढ झालेली मादी. माणसाला धोका असतो तो बहुतेक वेळा तिच्या पिलापासून. सह्याद्रीच्या जंगलात हिमाफायसॅलिस जातीच्या गोचिडी आढळतात. पावसाळा सरला की त्यांची अंड्यातून निघालेली पिढी वाढू लागते आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत तिची पिल्ले पालापाचोळ्यात, गवताच्या आणि झुडपांच्या टोकांवर वाट पाहत बसतात. हे पिलू तिळापेक्षाही लहान असते. ते उडत नाही, उडीही मारत नाही. पुढचे पाय पसरून बसते आणि माणूस किंवा जनावर घासून गेले की अंगावर चढते.

चावा दुखत नाही. गोचिडीच्या लाळेत त्वचा बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात. त्यामुळे 'मला काही चावल्याचे आठवत नाही' हे रुग्णाचे वाक्य खरे असले, तरी त्यावरून गोचीड चावलीच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. हे वाक्य तपासणीच्या खोलीत फार लवकर मान्य केले जाते.

माकडताप आला कुठून?

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांतील माणसे तापाने फणफणली. माकडे मरत असल्याने आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, नवाच विषाणू शोधून काढला. त्या जंगलावरून आजाराचे नाव पडले क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, अर्थात केएफडी. लोकांनी त्याला माकडताप म्हटले.

हे नाव सोपे आहे, पण थोडे फसवे. माकडापासून माणसाला हा आजार सहसा थेट होत नाही आणि माणसाकडून माणसालाही नाही. माणसाप्रमाणे माकडही या विषाणूचा बळी आहे. ते मेले की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. त्यामुळे रानात मेलेले माकड दिसणे हा गावासाठी सर्वांत आधी मिळणारा इशारा ठरतो.

अनेक दशके हा ताप शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांचाच मानला गेला. २०१२च्या अखेरीस तो बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात दिसला, पुढे वायनाड आणि निलगिरीत आढळला. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाळी गावात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर गावात रुग्ण सापडले. म्हणजे महाराष्ट्रात तो पोहोचून बरीच वर्षे झाली. तरीही सिंधुदुर्गाबाहेरच्या अनेकांसाठी तो 'कर्नाटकातला कुठलासा ताप' राहिला आहे.

अंगावर सापडली तर?

घाबरण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक गोचीड विषाणू घेऊन फिरत नाही आणि बहुतेक चाव्यांतून काहीही होत नाही. पण ती लगेच आणि नीट काढावी. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, गोचिडीला त्वचेच्या अगदी लगत पकडावे आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढावे. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नये. त्वचा तो हळूहळू बाहेर टाकते. जागा साबणाने धुवावी, हातही धुवावेत. गोचीड नखाने चिरडू नये.

रॉकेल लावणे, चुना थापणे, पेटती काडी किंवा विडी टेकवणे हे आपल्याकडचे जुने उपाय. 'ती आपोआप सुटते' असा त्यामागचा विश्वास. यात वेळ जातो, कातडी भाजते आणि चिडलेली गोचीड आपल्या तोंडातला द्रव जखमेत सोडण्याची शक्यता वाढते. हे उपाय आजीने सांगितलेले असले तरी सोडून द्यावेत.

चिकटलेली गोचीड शोधायची तर काखा, जांघा, कंबर, गुडघ्यामागची घडी, कानांमागची जागा आणि केसांची मुळे पाहावी लागतात. रानातून आल्यावर अंगणातच कपडे बदलून ते गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून आंघोळ करावी आणि लहान मुलांचे अंग मोठ्यांनी तपासावे. शेवटचे काम सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे : मोबाइलवर गोचिडीचा आणि चाव्याच्या जागेचा फोटो काढून ठेवावा. त्यावर तारीख आपोआप नोंदली जाते.

इंटरनेटवरचा सल्ला इथे चालतो का?

अर्धाच. शोध घेतला की समोर येतो तो बहुधा अमेरिकेतील लाइम आजार : चाव्याभोवती लाल कडे उमटते का पाहा, गोचीड छत्तीस तासांच्या आत काढली तर चिंता नको, नाहीतर डॉक्सिसायक्लिनचा एक डोस घ्या. लाइम हा जिवाणूचा आजार आहे. माकडताप विषाणूचा, त्यात असे कडे उमटण्याची वाट पाहणे व्यर्थ, तासांचा तो हिशेब इथे लावता येत नाही आणि प्रतिजैविक त्या विषाणूवर चालत नाही.

पण म्हणून डॉक्सिसायक्लिन आपल्याकडे निरुपयोगी आहे, असेही नाही. 'स्क्रब टायफस' या आजारात तेच औषध जीव वाचवते. २०१८ मध्ये विदर्भाने त्याचा फटका सोसला. तो गोचिडीमुळे नव्हे, तर झुडपांतील डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट किड्याच्या अळीमुळे होतो. विडीचा चटका बसावा तशी काळी खपली अंगावर कुठेतरी असते, बहुधा काखेत किंवा जांघेत, म्हणजे नेमकी कोणी पाहत नाही तिथे. ती सर्वच रुग्णांत दिसत नाही. दिसली तर निदान सोपे होते. गोचिडीमुळे होणारा टायफसही भारतात आहे आणि त्याचे पुरळ तळहात-तळपायांवरही येते. कोणत्या तापात काय द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. रुग्णाने त्यांच्यासमोर कपडे काढून अंग दाखवायला लाजू नये, एवढे त्याच्या हातात आहे.

ताप आला तर...

माकडताप चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी अचानक चढतो. थंडी, कपाळात ठणका, अंग मोडून येणे, डोळे लाल होणे, उलट्या-जुलाब, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी. हे वाचून कोणालाही डेंग्यूच आठवेल, आणि शहरातल्या दवाखान्यात नेमके तेच होते. काही रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांनी बरे वाटू लागल्यावर दुसऱ्यांदा ताप येतो. मान ताठरते, हात थरथरतात, भ्रम होतो. शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच जण दगावतात. नेमके विषाणूरोधक औषध नाही. वेळेवर दाखल करणे, शरीरातील पाणी आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, हाच उपचार. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

सुरुवातीच्या दिवसांत रक्ताच्या आरटीपीसीआर तपासणीने निदान होते. पण ती तपासणी कोणीतरी मागावी लागते आणि मागण्यासाठी शंका यावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये प्लेटलेट घसरलेल्या रुग्णाला 'गेल्या तीन आठवड्यांत रानात, बागेत किंवा घाटात गेला होता का?' एवढा एक प्रश्न विचारला, तर शंका आपोआप येते. केसपेपरवर पत्ता, वय, वजन यांना जागा असते. या प्रश्नाला नसते. ती छापायला फारसा खर्च नाही. तोवर रुग्णाने स्वतःच सांगितले पाहिजे, विचारले नाही तरी.

काळजी कोणी घ्यायची?

'पूर्ण बाह्यांचे कपडे, गमबूट घाला' हा सल्ला दोन दिवसांच्या पर्यटकाला झेपतो. एप्रिलच्या उकाड्यात काजूच्या झाडाखाली ओणवून पाचोळ्यातून बी वेचणाऱ्या बाईला तो किती झेपेल? भाजावळीसाठी पातेरा गोळा करणाऱ्यांचे, सरपण आणणाऱ्यांचे तेच. ज्यांचे पोट पाचोळ्यात हात घालण्यावर आहे, त्यांना 'पाचोळ्यात जाऊ नका' सांगणे हा सल्ला नव्हे, हात झटकणे आहे. हातापायांना लावण्याचे डीएमपी किंवा डेपा तेल हा त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय. पण ते हंगाम सुरू होण्याआधी, डिसेंबरमध्येच घरोघर पोहोचायला हवे. पहिला रुग्ण दगावल्यावर वाटलेल्या बाटल्या पुढच्या वर्षापर्यंत फळीवर पडून राहतात.

लसीची आशा धरून बसण्यात अर्थ नाही. कर्नाटकात अनेक वर्षे दिली जाणारी जुनी लस परिणामकारक राहिली नसल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली. त्यामुळे आज भिस्त आहे ती तेलावर, अंग तपासण्यावर आणि मेलेल्या माकडाच्या खबरीवर. माकड दिसले तर हात लावू नये, पुरू नये, जवळ जाऊन फोटोही काढू नये. वन विभागाला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. त्या जागेभोवती कीटकनाशकाची भुकटी टाकून होईपर्यंत गुरे आणि माणसे दोघांनीही तिकडची वाट टाळावी.