औषधाच्या काउंटरवरून : गोळी थायरॉईडची, तक्रार पोटाची

पावसाळा लागला की आमच्या इंदूरमध्ये पोटाच्या तक्रारी वाढतात आणि माझ्या दुकानातून ओआरएसच्या पुड्या भराभर संपतात. यंदा त्याबरोबर एक प्रश्नही वारंवार आला. ‘थायरॉईडच्या गोळीने आतड्याचं इन्फेक्शन होतं म्हणे, खरं का?’ एका काकूंनी तर कुठेतरी तसं वाचून गोळी बंदच केली होती. दोन दिवसांत जुलाब थांबले, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. ‘बघा, गोळी सोडली आणि पोट बरं झालं!’

काकूंचा हिशोब वरवर बरोबर वाटतो, पण तो चुकतो कुठे ते समजून घ्या, कारण घरोघरी हीच चूक होते.

थायरॉईड कमी असलेल्यांना जी गोळी मिळते ती लेव्होथायरॉक्सिनची. आपली ग्रंथी जो हार्मोन तयार करते तोच कारखान्यात बनवून दिलेला असतो. तो प्रतिकारशक्ती कमी करत नाही आणि पोटात जंतूही वाढवत नाही. शिवाय तो शरीरात फार सावकाश कमी होतो. गोळी थांबवली तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे दोन दिवसांनी काकूंच्या रक्तात औषध बरंचसं तसंच होतं. मग जुलाब थांबले कसे? पावसाळ्यातलं साधं इन्फेक्शन बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपलं आपणच बरं होतं, तसं झालं. श्रेय मात्र गोळी सोडण्याला मिळालं.

पुढचा भाग मात्र गमतीचा नाही. गोळी सोडल्याचा त्रास लगेच जाणवत नाही, काही आठवड्यांनी दिसू लागतो. थकवा, सुस्ती, अंगावर सूज, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं. तोवर गोळी सोडल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ दिवस गेलेल्या मुलीने गोळी सोडणं तर आणखी धोक्याचं. त्या काळात या हार्मोनची गरज वाढते, आणि पहिल्या महिन्यांत बाळ त्यासाठी आईवरच अवलंबून असतं.

मग पोटाचा आणि या गोळीचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो वेगळ्या प्रकारचा आहे.

पहिला संबंध डोस जास्त होण्याचा. हार्मोन गरजेपेक्षा जास्त झाला की आतड्याची हालचाल वाढते आणि वारंवार पातळ शौचाला होतं. हे इन्फेक्शन नव्हे. इन्फेक्शन अचानक येतं, बऱ्याचदा ताप, उलटी किंवा मुरडा घेऊन. डोस जास्त झाल्याचे जुलाब आठवडेच्या आठवडे चालतात आणि सोबत छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप न लागणं, वजन उतरणं असं काही ना काही असतं. अशा वेळी टीएसएच तपासून डॉक्टर डोस कमी करतात. पोटाच्या गोळ्या घेत बसून उपयोग नसतो.

दुसरा संबंध नेमका उलटा. पोटाचा आजार गोळीला निकामी करतो. ही गोळी लहान आतड्यातून रक्तात जाते आणि ती नीट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. जिआर्डियासारखा परजीवी, गव्हातलं ग्लुटेन न चालणारा सीलिअॅक आजार किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे आलेली जठराची सूज असेल, तर गोळी रोज घेऊनही पुरेशी लागू पडत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात जठराचा असा विकार असलेल्यांना 22 ते 34 टक्के जास्त औषध लागत होतं. जंतूवर उपचार झाल्यावर गरज पुन्हा कमी झाली. म्हणून गोळी नियमाने घेऊनही टीएसएच चढतच असेल तर डॉक्टरांना पोटाबद्दल जरूर सांगा. आणि पोटाचा उपचार झाल्यावर टीएसएच परत तपासा, नाहीतर तोच वाढवलेला डोस आता जास्त होईल.

तिसरी गोष्ट वेगळ्या औषधाची, आणि ही खरोखर जपण्यासारखी. ज्यांचा थायरॉईड जास्त असतो त्यांना कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल देतात. घरात दोन्हींना ‘थायरॉईडची गोळी’च म्हणतात, तिथे घोटाळा होतो. या औषधांमुळे हजारात दोन ते पाच जणांच्या रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. मग कोणतंही इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं. ही गोळी चालू असताना ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातल्या पेशींची तपासणी करा. उद्यावर टाकू नका.

आता एक शब्द ‘नोंदवलेल्या दुष्परिणामां’बद्दल. औषध चालू असताना झालेला कोणताही त्रास नोंदवता येतो, आणि नोंदवावाही. पण नोंद म्हणजे पुरावा नव्हे. लाखो लोक रोज ही गोळी घेतात आणि त्यांतल्या अनेकांचं पोट पावसाळ्यात बिघडणारच. आपल्या देशात 2010 पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. शंका असेल तर तिथे सांगा, डॉक्टरांना विचारा, पण लेव्होथायरॉक्सिन मनाने सोडू नका.

घरातल्या तरुण मंडळींसाठी चार कामं. आई-आजीच्या डबीवर गोळीचं नाव कोणतं आहे ते वाचा. लेव्होथायरॉक्सिन असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घेतात का ते बघा. चहा आणि पोहे निदान अर्ध्या तासाने, तासाने झाले तर उत्तम. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

आमच्या त्या काकूंची गोळी डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू झाली आहे. पाणी मात्र त्या आता उकळून पितात, आणि पावसाळ्यात खरं औषध तेच.